शिट्टी नेमकी कुणाची

मला सगळे भिंगरी म्हणतात, वय बावीस वर्षे, धंदा पंख्याच्या कारखान्यात फिटरचा मदतनीस, शिक्षण सातवी नापास, राहणार कारखान्यामागच्या पत्र्याच्या खोल्या.

समक्ष हजर राहून सांगतो की, आज पाळी सुटल्यावर गेटवर वॉचमनकाकांनी माझी पिशवी झाडली. त्यातून कुकरची शिट्टी पडली. स्टोअरकीपर म्हणाले, "मशीनचा पार्ट उचललास." मी म्हणालो, "साहेब, ही शिट्टी आहे." ते म्हणाले, "मग वाजवून दाखव." सगळे हसले. चोरी ठरली तर उद्यापासून येऊ नकोस, असे सांगून मला इथे ठाण्यात आणले.

शिट्टी आमच्या घरची आहे. माझी थोरली बहीण वॉर्डाच्या निवडणुकीला उभी होती. तिची निशाणी शिट्टी, तोंडाने फुंकतात ती. समोरच्या ठेकेदाराची निशाणी कुकर. मतदान यंत्रावर नव्हते, कागदावर शिक्का मारून होते. आईने गल्लीभर सांगितले, "बायांनो, शिट्टीवरच शिक्का मारा." बायांनी मारला. पुष्कळ कागदांवर शिक्का कुकरच्या चित्रात, पण नेमका वरच्या शिट्टीवर निघाला. ती मते ठेकेदाराला धरली. ताई थोडक्यात पडली. कोर्टात अजून खल चालू आहे.

इथे हवालदारसाहेबांनी लिहायचे थांबवून ठाण्यातल्या सगळ्यांना विचारले, मत कुणाचे? त्यांचेही एकमत झाले नाही.

निकालानंतर मी घरून इकडे कामावर परत निघालो तेव्हा आईने कुकरची शिट्टी काढून माझ्या पिशवीत टाकली. म्हणाली, "ने बाबा ही ब्याद. ताईला बोलू नकोस." आईने स्वतः शिक्का कुठे मारला, ते मी विचारले नाही.

खात्रीसाठी हवालदारसाहेबांनी घरचा फोन नंबर मागितला. ताईचा नंबर द्यायला मी कां-कूं केली, त्याने संशय वाढला हे खरे आहे. शेवटी दिला. फोन स्पीकरवर होता. ताई म्हणाली, "आमचीच आहे. कडेला टवका उडालाय बघा." टवका आहे. साहेबांनी विचारले, "मग घरी कुकर कसा लावता?"

ताई म्हणाली, "लावतच नाही. आई म्हणते शिट्टी हरवली, मी म्हणते हरवली असेल. मत देऊन आली तेव्हा तिनंच सांगितलं, कुकरवरची शिट्टी अगदी ठसठशीत होती म्हणून. खूश होती. मी काय बोलणार? भिंगरीला सांगा, मला माहीत आहे हे आईला कळू देऊ नकोस."

जबाब मला वाचून दाखवला, सांगितल्याप्रमाणेच आहे. ताईचे बोलणे तेवढे खोडा म्हणालो. साहेब म्हणाले, खोडता येत नाही, पण हा कागद तुझ्या आईपर्यंत जात नाही. शिट्टी परत मिळाली. सही केली आहे.