चिमणीला माहीत होतं

अहो, पडदे काय बघताय! तुम्ही येणार म्हणून कालच बदललेत ते. बसा इथं, खाटेवर. आईसाठी बघताय ना खोली, या वृद्धाश्रमात? मग विचारा ऑफिसातल्यांना — आंघोळ कोण घालणार? रोज एकच बाई, की रोज नवी? हसू नका. रोज नव्या माणसापुढं अंग उघडं टाकायचं म्हणजे काय, ते आईलाच विचारा — तिला काय सांगून आलात तुम्ही? ...बरं, राहू दे.

माझ्याकडे चिमणी होती. नाव वेगळं, पण अंगानं एवढीशी, म्हणून मी म्हणायचे चिमणी. दोन वर्षं तिनंच केलं माझं सगळं. डावा हात खांद्याच्या वर जात नाही माझा — सांगावं लागलं नाही कधी, बाही आधी डावी घालायची. लेकीनं मला इथं आणलं ना, ते घराला रंग द्यायचाय, महिनाभर राहा, असं म्हणून. मी रोज विचारायचे, 'चिमणे, वाळला का गं रंग?' ती म्हणायची, 'वाळतोय मावशी, भिंतींना ओल फार.' दोन दोन वर्षं भिंत ओली राहत नाही, एवढं कळतं हो मला — पण ती म्हणाली की खरं वाटायचं.

मग जुनी शेजारीण आली भेटायला, आणि बोलून गेली. घर विकलं म्हणे, मी इथं आले त्याच महिन्यात! लेकीच्या नावावर मीच केलेलं ते घर. चिमणीला विचारलं, तर खाली मान घालून म्हणते, 'पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ताईंनी शपथ घातली होती.' लेकीचं सोडा, तिला फोनवर काय बोलायचं ते बोलून मोकळी झाले. पण ही? माझी पाठ चोळता चोळता खोटं बोलत होती! केसानं गळा कापला. मीच तक्रार केली — ही नको मला. वाटलं, वरच्या मजल्यावर पाठवतील. त्यांनी कामावरूनच काढलं. आता रोज नवी येते, 'हात वर करा आजी' म्हणून ओढते.

जायच्या दिवशी आली होती चिमणी. दारातच उभी. 'मावशी, ताईंना कितीदा म्हटलं, तुम्ही सांगून टाका, माझ्याच्यानं नाही होत.' मी भिंतीकडे तोंड केलं. बराच वेळ उभी होती — पावलं वाजली नाहीत ना, त्यावरनं कळलं.

जा तुम्ही आता. मला पडायचंय.