भावजींचं मलम

— होय गो बाय, आग होतेच पहिल्यांदा, त्यात घाबरण्यासारखं काय नाय. आमच्या भावजींना तर वाटायचं, कोणी तोंडावर मिरची चोळलीय — भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, आत्माराम, आता आत डॉक्टरांकडे बसलेत ना तेच, तुमच्या आधीचा नंबर — ते ओरडायचे, वहिनी, धुऊन टाका हे, नि मी म्हणायची, धुवायचं नाय, कळ सोसा, कातडी बरी होत जाईल तशी आग कमी होते. झालीच कमी. लेक किती वर्षांची तुमची? सात? मग तिला कमी ताकदीची ट्यूब देतील, मोठ्यांची वेगळी असते, एकाची दुसऱ्याला लावायची नाय. नि थर कसा, तर वाईचसा. थापायचं नाय. जिथं इसब आहे तिथंच, अंग कोरडं करून, डॉक्टर सांगतील तेवढ्याच वेळा. वर पट्टी बांधायची नाय. लावलं की आपले हात धुवायचे. पिकलं असेल, पाणी गळत असेल तर आधी दाखवून घ्यायचं. उन्हात हुंदडायला सोडायची नाय. नि कातडी साफ झाली की डॉक्टरांना विचारून थांबायचं, आपल्या मनानं चोळत राहायचं नाय. कारण ते करतं काय — अंगातली रोगाशी भांडायची जी ताकद, ती उगाच आपल्याच कातडीवर उठलेली असते, तिला त्या जागेपुरती दाबून ठेवतं. डॉक्टरांनी असंच समजावलं मला. मी म्हटलं, कळलं डॉक्टर, आपलंच माणूस आपल्यावर उठतं हे मला नवीन नाय.

हसले डॉक्टर. त्यांना काय माहीत.

मी का लावते म्हणता? दुसरं कोण लावणार. जाऊबाई गेल्या, त्यांची शमिका मुंबईला नांदते, नि भावजींना धड दिसत नाय. आधी मेडिकलातनं कुठलंसं नायट्याचं क्रीम आणून वर्षभर चोळलं तोंडाला, तेव्हा कोणाला विचारलं नाय, कातडी पातळ होऊन शिरा दिसायला लागल्या तेव्हा वहिनी आठवली. मग मी घेऊन आले इथं. गावात म्हणतात, मथुरावहिनी म्हणजे देवमाणूस, एवढं झालं तरी दिराचं करते. एवढं म्हणजे काय ते मात्र कोण बोलत नाय.

मी बोलते की. मला कसली चोरी? आमच्या गावच्या शिमग्यात पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा द्यायचा मान आमच्या घराचा, थोरल्या भावाचा — म्हणजे ह्यांचा, माझ्या मालकांचा. मानकऱ्यानं त्या दिवसांत दारूला शिवायचं नाय, गावचा तसा नेम. नि हे तर एरवीसुद्धा शिवत नव्हते. त्या वर्षी ह्यांना बीपीची नवी गोळी चालू झाली होती. उभं राहिलं की चक्कर यायची. सहाणेसमोर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यासमोर, पालखी नाचवताना पाय लटपटला, गुडघ्यावर आले. पालखी पडली नाय, मागच्यांनी सावरली. तेवढ्यात हे आत्माराम भावजी पुढं झाले नि सगळ्या गावासमोर म्हणाले, दादा प्यायलाय, सकाळीच वास आला मला. गोळीचं त्यांना ठाऊक होतं, त्यांनीच तर आणून दिली होती. हे सांगत राहिले — मी प्यायलो नाय, देवीशपथ नाय. पण सख्खा भाऊ बोलतोय म्हटल्यावर बाकीच्यांना काय हवं? दांडी त्याच जागी भावजींच्या खांद्यावर गेली. हे मुंबईला गेले, कुठल्या बिल्डिंगीत वॉचमन म्हणून राहिले नि तिकडेच संपले. शिमग्याला परत गावात पाऊल टाकलं नाय. फोनवर मला विचारायचे, तुला तरी पटतंय ना गो? नवऱ्यानं बायकोला विचारायची गोष्ट आहे का ही?

जाऊ दे. मलमाचं सांगत होते. एक राहिलंच — दारू. लेकीला काय त्याचं, पण मोठ्या माणसानं हे मलम लावून घोटभर जरी घेतली तरी तोंड लालबुंद होतं, गरम होतं. कोणाकोणाचं होतं, सगळ्यांचं नाय. डॉक्टरांनी मला विचारलेलं, भावजी तेव्हा बाहेर चपला घालत होते — घेतात का हे? म्हटलं, नाय डॉक्टर, थेंब नाय. खोटं नाय बोलले मी. खरंच घेत नाहीत. म्हणाले, मग ठीक, पण सांगून ठेवा त्यांना. बाकी सगळं सांगितलं मी भावजींना, थर सांगितला, ऊन सांगितलं. एवढं एक नाय सांगितलं.

मग यंदाच्या शिमग्यात काय झालं विचारता? झालं की. पालखी सहाणेवरून उठायची वेळ, नि भावजी दांडीला हात लावतायत तर तोंड हे असं लाल, कानापर्यंत, मानेपर्यंत. ऊन लागलं म्हणायलासुद्धा जागा नव्हती, टॉवेल बांधून, छत्री धरून नेलं होतं मी, मलम लावलेल्या माणसाला ऊन चालत नाय ना. बाळा गुरवानं जवळ जाऊन वास घेतला नि मागं सरला. म्हणाला, प्यायलाय. मग सगळेच बोलले.

आता तुम्ही म्हणाल, थेंब घेत नाहीत तर वास कसला? तुम्ही बाळंतीण होतात तेव्हा आसव-अरिष्ट काहीतरी दिलं असेल ना सासूनं? ते आंबवलेलं असतं, त्यात थोडी दारू उतरतेच, बाटलीवर लिहिलेलंसुद्धा असतं, कोण वाचतंय. शिमग्याच्या आधी मी म्हटलं, भावजी, पालखी घेऊन घरोघर फिरायचं, अंगात ताकद नको? द्राक्षासव घ्या. एका दुपारी दोन चमचे देऊन बघितलं. गाल रंगले. त्या दिवशी अर्धा पेला दिला. म्हणाले, वहिनी, तुमच्यामुळं उभा आहे मी.

तुम्ही बाजूला का सरकलात? लेकीला काय करणार आहे का मी? बसा.

आणि ऐका, एवढ्यावर भागलं असतं. मान गेला, पुढल्या वर्षी दांडीला दुसरं घर, भावजी घराबाहेर पडत नाहीत, बरं चाललं होतं. पण परवा जेवताना म्हणतात कसे — वहिनी, देवीनंच केलं हे. मी दादाचं खोटं सांगितलं होतं, तिनं फेडून घेतलं, आता माझं मन हलकं झालं. नि गाढ झोपायला लागले हो. एवढी वर्षं माझ्या डोळ्याला डोळा लागला नाय, नि हे देवीशी हिशेब मिटवून मोकळे घोरतायत. माझ्याशी कोण मिटवणार? देवीनं काय केलं? बसून होती ती पालखीत, ह्यांच्या वेळीपण बसूनच होती. केलं मी. अख्खा फाल्गुन त्या तोंडाला बोट लावून लावून मी केलं. नि नाव तिचं?

म्हणून आज आत नाय गेले त्यांच्याबरोबर. एरवी जाते. डॉक्टरांनी मागेच सांगितलेलं, चालू असलेली सगळी औषधं घेऊन या, तर पिशवी भरून दिली नि द्राक्षासवची बाटली सगळ्यांत वर ठेवली. म्हटलं, भावजी, हीपण दाखवा, नि शिमग्याला तोंड का लाल झालं तेवढं विचारून घ्या. डॉक्टर माणूस चांगला आहे, नीट समजावून सांगतो.

थांबा, दार उघडलं.

जा बाय तुम्ही आत, लेकीला घ्या, तुमचा नंबर आला. मी सांगितलं ते लक्षात ठेवा, वाईचसा थर.

या भावजी. पिशवी द्या इकडे. सांगितलं ना डॉक्टरांनी? — होय. मीच. — देवी नव्हे, मी. — असे बघू नका माझ्याकडे. चला, एसटी चुकेल. गावात गेलात की सहाणेवर उभे राहा नि सांगा सगळ्यांना, मी प्यायलो नव्हतो म्हणून. ह्यांनीपण हेच सांगितलं होतं.