बांबूवरचा शर्ट

हॅलो?… हॅलो, कसीरा? मी, ताई… हो, पुलावरूनच. टपरीत रेंज कुठे असते?… माझं कॉफी विकणं राहू दे गं आज, ऐक. वागियो कुठेय?… नदीत? अजून वाळू काढतोय?

अगं, आत्ता इथून लोंढा गेला. पुलाखालून… पाणी नाही, चिखल. कालवलेल्या सिमेंटसारखा, वर वाफ. तुझ्या चुलीच्या खोलीएवढे दगड वाहत गेले, डोळ्यांनी बघितले मी… तुमच्याकडे ऊन असेल. पण ज्वालामुखीच्या, आपल्या मेरापीआजोबांच्या डोक्यावर जेवणवेळेपासून काळं झालंय. तिथे पाऊस पडला की पुरे… लोंढा तुमच्याकडे पोचायला पंधरा मिनिटं. फार तर वीस. नवऱ्याला वर बोलव.

उचलत नाही? का?… फोन शर्टात. आणि शर्ट?… बांबूवर. हो, हो, जागा धरलीय, कळलं. काल ताजी वाळू आली, ज्याचा बांबू त्याची जागा. मला नको शिकवूस, आपले बाबा तेच करत आले… वुलान लावतेय ना बापाला फोन, लावू दे तिला. तू ओसरीत टांगलेलं ते पोकळ लाकूड वाजव. सगळ्या खाणीला ऐकू जाईल…

का नाही?

अगं ऐक ना… हो, मागच्या लेगीवारच्या बाजाराला लोंढा येतोय म्हणून मीच सांगितलं, तू वाजवलंस, सगळे टोपल्या टाकून पळाले आणि आलं गुडघाभर पाणी. हसले लोक. मला अजून चिखलवाली म्हणतात, माझ्याच टपरीत बसून, माझीच कॉफी पिऊन… पुन्हा वाजवायचं नाही म्हणून वागियोने शपथ घातली, मान्य. चारचौघांत तोंड दाखवायची सोय उरली नाही म्हणाला, तेही मान्य. आज काही आलं नाही तर माझं नाव सांग, मुर्तीनीनं सांगितलं म्हणावं. शिव्या मला घालू देत… कसीरा, मला भीती वाटतेय गं.

थांब. दारातून नदीकडे बघ. पाणी किती आहे?… आटलं? एकदम?… अगं बाई. मधे कुठेतरी अडलंय ते, दगडांनी. फुटलं की सगळं एकदम येईल. वाजव. फोन खांद्याशी धर आणि वाजव.

…येतंय ऐकू. सलग वाजव, थांबू नकोस… निघाले? सगळे?… आणि आपला?… चढतोय. देवा.

काय?… परत का वळला?… कसला आवाज?… शर्टातला फोन वाजतोय? अगं, तो वुलानचाच ना! तिला सांग, ठेव. बंद कर म्हणावं. तो फोन आणायला निघालाय, पोरगीच बापाला खाली नेतेय… ठेवला? थांबला का तो?… उभाय. ओरडा सगळ्यांनी. नाव घेऊन ओरडा…

वळला? पळतोय?

अं?… मी ठीक आहे… हो, पूल हलतोय. मघापासून हलतोय. वरून दुसरा येतोय, पहिल्यापेक्षा मोठा, वळणावर दिसतोय मला… नाही, इथून हलले तर रेंज जाईल. माझं सोड गं. तो कुठवर आला ते सांग… फणसाच्या मुळांशी? वर कोण आहे? हात द्या म्हणावं त्याला… तुझ्याकडच्या लोंढ्याचा आवाज मला फोनमधून ऐकू यायला लागलाय, कसीरा. लवकर सांग…

धरला?

नक्की धरला? वर घेतला?… शर्ट गेला, जाऊ दे… रडतोय? जागा गेली म्हणून?… रडू दे. तू त्याचा हात सोडू नकोस, एवढंच कर.

बरं, ठेवते मग. आता मला पळायचंय.