मळाखालचा तडा

काम का सुटलं म्हणून सगळ्याजणी विचारता ना, तर ऐका. शिवाजीनगरच्या त्या वर्कशॉपात मी मशीनचे जुने भाग धुवायची. नवे घालण्यापेक्षा अल्ट्रासॉनिक टाकीत सोडायचे. टाकी नुसती गुणगुणते आणि वर्षांचा मळ आपोआप सुटतो. परवा एक गिअर धुऊन काढला, तर मळाखाली हा एवढा तडा! मालकाला दाखवला.

"अक्का, जरा गप्प बस," तो म्हणाला. "चकाकतोय ना? झालं तर."

गिअर न्यायला तो ज्या मशीनचा, तिच्यावर काम करणारा माणूसच आला. गिअर हातात फिरवून खूश. "नवाच दिसतो की!"

मी म्हटलं, "अण्णा, चालू मशीनमध्ये फुटला तर तुकडा तुमच्याच तोंडावर येईल."

मालक ओरडला, "खोटं बोलते ही!"

मी गिअर हिसकावला, ऐरणीवर ठेवला आणि हातोड्याचा एकच घाव घातला. दोन तुकडे. तो माणूस गालावरून हात फिरवत राहिला.

मालक म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

अकरा वर्षं तिथं हात झिजवले. कुठलाच भाग कधी बदलला नाही त्या मालकानं. बदललं ते फक्त मला.