मान हलवलेली पुण्यात दिसत नाही

"हॅलो? … हॅलो… कोण बोलतंय? … जरा मोठ्यानं बोला की, नुसती खरखर येतेय … कोण? विजू? … अगं विजयमाला, तू? पुण्याहून? … थांब, थांब, मला धाप लागलीय. आतून पळत आले मी."

सिद्धलिंगप्पांच्या अडत दुकानात टेलिफोन येऊन दोनेक वर्षं झाली होती, पण बाईमाणसासाठी तो कधी वाजला नव्हता. तो वाजायचा जोंधळ्यासाठी, सरकीसाठी, फार तर मालगाडीच्या वाघिणी कुठं अडकल्या म्हणून. त्यामुळं मुनीम धुळाप्पा आतल्या दाराशी येऊन "गौराताईस्नी फोन हाय" म्हणाला, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या तिच्या अव्वाची, सावित्रम्मांची, भाकरी हातातच राहिली. त्यांची लेक गौरम्मा मात्र त्यांनी काही विचारायच्या आत दुकानात पोचली. टेलिफोनची पेटी भिंतीवर तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, उंचीला ठोकलेली. गौरम्माचं तोंड काही तिथवर जाईना. अप्पा स्टेशनवर माल उतरवून घ्यायला गेले होते, म्हणून धीर करून ती खालच्या जोंधळ्याच्या पोत्यावर चढली आणि नळी कानाला लावली.

"हो, हो… ऐकतेय… मॅट्रिकचा निकाल ना? लागला की. पास… नाही गं, पहिली कुठली… शास्त्रात चांगले पडले, हो… अव्वानं गल्लीभर पेढे वाटले. अप्पा तर गिऱ्हाइकांनाही सांगत होते… ते राहू दे, तू आधी हे सांग, तुला ट्रंक कॉल कुणी लावून दिला? … कोण बाई? … वसतिगृहाच्या? म्हणजे तू त्यांच्या खोलीतून बोलतेयस?"

विजयमाला ही तिची शाळेतली मैत्रीण, एक वर्ष पुढची. बोलण्यात ती कुणाला हार जात नसे, मास्तरांनासुद्धा नाही. वर्षापूर्वी मॅट्रिक होऊन ती पुण्याच्या कॉलेजात गेली होती. सोलापुरात तेव्हा गिरण्यांचे भोंगे होते, कॉलेज नव्हतं. पुढं शिकायचं तर गाव सोडायचं. मुलगे सोडायचे. मुलींनी गाव सोडायचं ते लग्नाच्या मांडवातून, असा रिवाज होता, आणि सिद्धलिंगप्पांनी पेठेतल्या चार शहाण्यांची नाकं मुरडलेली बघूनसुद्धा लेकीला इथवर शिकवलं होतं. त्यांना कुणी नावं ठेवावीत असं काही नव्हतं.

"काय? वसतिगृहात माझं नाव? … तू देऊन टाकलंस? मला न विचारता? … अगं पण विजू… ऐक ना… ऐक तरी. माझं धारवाडचं ठरलंय… आत्याकडं राहायचं, तिथल्या कॉलेजात जायचं… चांगलंच आहे की ते कॉलेज, मी कुठं वाईट म्हणतेय? … छे, जबरदस्ती कोण करतंय. अप्पांनी विचारलं मला. समोर बोलावून विचारलं, धारवाडला जायचं ना म्हणून… मी? मी काय म्हणणार? खाली बघितलं."

आता यात गौरम्माचं चुकलं असंही म्हणता येत नाही. चांगल्या घरातली मुलगी वडील माणसाला तोंडावर हो म्हणत नसे. ती मान खाली घाली, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरी, आणि विचारणारा समजायचं ते समजे. तिच्या आजीचं लग्न असंच ठरलं होतं, आईचं असंच, शेजारच्या दोघी बहिणींची तर एकाच दुपारी ठरली. अडचण एवढीच, की मनात ‘नाही’ असेल तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मान तेव्हाही खालीच जाते. अप्पा खूश झाले. त्यांनी धारवाडला थोरल्या बहिणीला कळवून टाकलं आणि होटगीला गाडी कशी बदलायची ते गौरम्माला पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं.

"आत्या? लई माया आहे तिला… अगं, तेच तर. वाईट असती तर सोपं होतं… हो, तिचा मुलगा असतो की घरी. गुरुपाद. वकिलीचं शिकतोय… हसू नकोस. कुणी काही बोललेलं नाही… हो, न बोलताच. आमच्यात तसंच असतं… ते सोड. मला तुझी खोली सांग ना. … खिडकी आहे? कशावर उघडते? … टेकडी? रोज दिसते? … आणि टेबल? … एकीला एक? खरं सांग… त्याच्यावरचा दिवापण आपलाच?"

नळीतली खरखर सुपात जोंधळा पाखडल्यासारखी येत होती आणि त्या आवाजात गौरम्माचे डोळे आपोआप मिटले. पुणं तिनं पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या गावाचं एक बरं असतं, ते आपल्याला हवं तसं मांडता येतं. शाळेत एकदा मास्तरांनी सूक्ष्मदर्शक आणलं होतं. त्याच्या काचेखाली कांद्याचा पापुद्रा ठेवून त्यांनी एकेकीला बघायला लावलं. गौरम्मा डोळा लावून बसली ती उठेचना. पापुद्र्यात ओळीनं खोल्या होत्या, पाण्यासारख्या स्वच्छ, एकीला लागून एक. रोज आपण चिरतो त्या कांद्यात एवढं घर आहे, आणि आपण कधी आत गेलो नाही, असं तिला वाटलं. तेव्हापासून कांदा चिरायला तिला उशीर व्हायला लागला आणि सावित्रम्मा तिला धांदरट म्हणायला लागल्या. पुण्याच्या कॉलेजात असली यंत्रं ओळीनं मांडलेली असतात, असं विजू सांगायची. गौरम्मा डोळे मिटून त्या ओळीत जाऊन बसायची. मग आपल्या खोलीत यायची, टेबलाशी बसायची, खिडकी लोटायची. टेकडीवर ऊन उतरत असे. आणि कुणी हाक मारत नसे. हे तिला सगळ्यात गोड वाटायचं.

धारवाडचं स्वप्नही तिनं प्रामाणिकपणे पाहून बघितलं होतं. तांबडी माती, भिजलेली झाडं, आत्या डोक्याला तेल घालतेय, दमलीस का गं म्हणून विचारतेय, गुरुपाद ओसरीवर पुस्तकात डोकं घालून बसलाय. त्या स्वप्नात कुणी वाईट नव्हतं. फक्त त्यातली गौरम्मा आधीच त्या घरची झालेली दिसायची. पुस्तकं कुठं ठेवलीत ते काही केल्या दिसायचं नाही.

"हॅलो? … ऐकतेय, ऐकतेय. डोळे मिटले होते जरा… काय? आजच सांगायचं? … एकच खाट उरलीय? … साताऱ्याची मुलगी दारात बसून आहे? … मग देऊन टाका की तिला… नाही, नाही, थांब. तसं नाही गं… काय सांगू तुला… बाईंना कशाला देतेस? विजू, नको. मी काय बोलणार त्यांच्याशी… विजू… नमस्कार. नमस्कार करते."

गौरम्मानं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. बाई दिसत नव्हत्या, पण म्हणून त्या बाई नव्हत्या असं थोडंच?

"जी… हो, सिद्धलिंगप्पांची मुलगी… घरात कन्नड, शाळेत मराठी… शास्त्र… जी… जी…"

आणि बाईंनी सरळ विचारलं, इथं येऊन राहायचं आहे का तुला?

"…"

गौरम्माची नजर खाली गेली. पोत्यावर तिच्या अंगठ्याची रेघ उमटली. तिनं मान हलवली, एकदा, आणि मग पुन्हा एकदा, चांगली छातीपर्यंत. आयुष्यात इतक्या मनापासून तिनं कुणाला होकार दिला नव्हता. पुण्याकडं मात्र नुसती खरखर तेवढी गेली.

"हॅलो? … बाई? … विजू, तू कशी आलीस मध्येच? बाई कुठं गेल्या? … काय म्हणाल्या? … मी नको म्हणाले? मी कधी नको म्हणाले? … अगं, मान हलवली की मी… मान. नीट हलवली, दोनदा… तू हस. हस. माझ्या डोळ्यांत पाणी आलंय इथं… मग तू सांग ना त्यांना… का चालायचं नाही? … माझ्याच तोंडून? … त्या मुलीला बोलवायला निघाल्या? विजू, धरून ठेव त्यांना…"

एवढ्यात दाराशी टांगा थांबला आणि अप्पा उतरले. लेक पोत्यावर चढून टेलिफोनशी बोलतेय हे बघून ते उंबऱ्यातच थबकले. धुळाप्पानं हात जोडून "पुन्याचा हाय, मालक" एवढं सांगितलं आणि सुरक्षित अंतरावर जाऊन उभा राहिला. आतल्या दाराचा पडदा हलला. तिथं सावित्रम्मा होत्या. अप्पा आत आले आणि पेटीशेजारी उभे राहिले.

"विजू, अप्पा आलेत… हो, इथंच. अगदी समोर… मी नंतर बोलू का? … नंतर नाही? … मला लाज वाटते गं… हॅलो? काय म्हणालीस? ऐकू येईना… मोठ्यानं? मी? अगं दुकान आहे, रस्त्यावर ऐकू जाईल… बाई आहेत का अजून? … दे. त्यांना दे."

त्या घरात आवाज चढवायचा तो पुरुषांनी. हमालांवर, बैलांवर, टेलिफोनवर. आपला आवाज पुरता सोडला तर कसा येतो, हे गौरम्माला ठाऊक नव्हतं. तिनं एका हातानं पेटी घट्ट धरली. तिला फार भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही ती खाट जाईल याचं वाईट वाटलं.

"बाई, मला पुण्याला यायचंय. … हॅलो? … मला यायचंय, बाई. धारवाडला नाही. पुण्याला. त्या मुलीला माझी खाट देऊ नका, मी येतेय… हॅलो? … बाई? … विजू?"

खरखर थांबली होती. लाइन कधी तुटली कुणास ठाऊक, तिच्या पहिल्या शब्दाआधी की शेवटच्या शब्दानंतर. पुण्यात कुणी काय ऐकलं ते त्यांनाच माहीत. सोलापूरच्या मंगळवार पेठेनं मात्र सगळं ऐकलं. पाठीवर पोती घेतलेले दोन हमाल रस्त्यात उभे राहिले, समोरच्या दुकानातल्या माणसानं तराजू हातात तसाच धरला, आणि सावित्रम्मा पडदा सोडून चक्क बाहेर आल्या.

अप्पा रागावलेले दिसेनात. पागोटं काढून त्यांनी हातात घेतलं.

"धारवाडला जाते म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"मी काहीच म्हणाले नव्हते, अप्पा."

अप्पा तो दिवस आठवायला लागले. त्या दिवशी त्यांना लेकीचा भांग तेवढा दिसला होता. आज ती पोत्यावर उभी असल्यामुळं तिचं तोंड त्यांच्या तोंडासमोर होतं, रडवेलं, लाल झालेलं, आणि नजर काही खाली जात नव्हती. आपण एवढ्या प्रेमानं विचारलं आणि उत्तर ऐकायचंच राहिलं, हे त्यांना फार लागलं.

"अक्काला आता काय सांगू मी?" ते म्हणाले. नळी अजून गौरम्माच्या कानालाच होती. विजूचा आवाज येईल म्हणून ती ऐकत राहिली होती.

अप्पांनी पागोटं गादीवर ठेवलं आणि पेटीकडं हात केला.

"ती नळी आकड्याला लाव आधी," ते म्हणाले. "लावल्याशिवाय पुण्याची लाइन परत मिळायची नाही."