कुंकवाची टेस्ट

ॲलर्जीचा विषय काढलात म्हणून सांगतो, आमच्या पेडगावच्या घरातलीच गोष्ट हाय ही. वहिनीच्या कपाळावर कुंकवाच्या जागी खाज सुटायची, पुरळ उठायचं. मलम लावलं की जायचं, बंद केलं की परत तिथंच. शेवटी परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकाच जागी सारखं उठतंय, औषधानं तेवढ्यापुरतं जातंय, मग नुसता अंदाज किती दिवस लावायचा? पॅच टेस्ट करू. घरातलं कुंकू घेऊन या."

त्यांनी वहिनीच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवस पाणी लागू द्यायचं न्हाई म्हणाल्या. पट्ट्या काढल्या, तर कुंकू लावलेली जागा लालभडक.

"कुंकू कायमचं बंद," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

आमची आई लय भडकली. "माझा लेक जित्ता हाय! मोकळ्या कपाळानं फिरायचं न्हाई माझ्या घरात."

दादा हसला. "आई, माझा जीव काय तिच्या कुंकवात हाय का?"

वहिनीनं कुंकू सोडलं. कपाळ बरं झालं, पण आईनं तिच्याशी बोलणं टाकलं.

गेल्या साली दादा अचानक गेला. बाया जमल्या. शेवटचं म्हणून वहिनीचं कपाळ कुंकवानं भरायचं आणि मग ते पुसायचं, अशी आमच्याकडं रीत. एकीनं करंडा उघडला. कोपऱ्यात बसलेली आई उठली आणि तिनं त्या बाईचं मनगट धरलं.

"ठेव ते खाली," आई म्हणाली. "तिला सोसत न्हाई. टेस्ट केलेली हाय."