मेरुशेचा दगड

"रांगेतल्या गप्पा ऐकू नकोस," असं नवऱ्यानं बजावलं होतं. तेउतानं ते हसण्यावारी नेलं. तिराना शहरात दुधाच्या रांगेत लोक आपल्या जागी दगड ठेवून घरी जात. त्या सकाळी ती तान्ह्याला घेऊन उभी होती. पुढे नाफिये आणि हातिजे या दोघी म्हाताऱ्या.

"हा दगड कुणाचा गं, नाफिये?"

"कमांडरच्या मेरुशेचा. कालच ठेवून गेली होती."

"काल रेडिओवर ज्याला देशद्रोही म्हणाले, त्याच्या बायकोचा? फेकून दे!"

"तू फेक. माझी कंबर धरलीय."

"अगं, त्याला नेलंय. तिच्या दारावर पहारा बसलाय. ती येणार कशी?"

"ती नाही येणार. पण तिच्या बाळाला दूध लागतंच ना?"

"मग हा दगड पुढे सरकतोय कसा?"

"मघाशी तूच सरकवलास, भवाने. पायानं."

"हळू बोल!"

दगड खिडकीशी पोचला. दूधवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. त्यानं दगडाशेजारी एक बाटली ठेवली.

"तुझ्या वाटेवरच तिचं घर आहे, पोरी," नाफिये तेउताला म्हणाली.

मेरुशेच्या दारावरच्या पहारेकऱ्यानं तेउताच्या हातून बाटली घेतली. आत दिली की नाही, ते तेउताला कळलं नाही. तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: तिकडून गेलात, तर तिसऱ्या मजल्यावर मेरुशेच्या बाळाचा आवाज येतो का, तेवढं ऐकून या.